नवीन मंडळीच्या उभारणीत हातभार लावताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पाळक नाही. नोकरी करणारा, संसारी ख्रिस्ती विश्वासी आहे. आमच्या मंडळीने, म्हणजे चर्चने, दुसऱ्या वस्तीत नवीन मंडळी सुरू करायचं ठरवलं, तेव्हा तिकडे गेलेल्या पहिल्या गटात अकरा मोठी माणसं आणि चार मुलं होती. त्यात मी, माझी पत्नी आणि आमची दोन मुलं होतो. त्याला आता नऊ वर्षं झाली. या कामात पडू पाहणारी माणसं भेटली की तेच तेच प्रश्न विचारतात आणि बहुतेक प्रश्न कामाबद्दल असतात. पण देवाचं काम करता करता देवाशी आणि घरच्यांशी असलेलं नातं जिवंत कसं ठेवायचं, हे मला कामापेक्षा कितीतरी अवघड गेलं. म्हणून उत्तरांत त्याबद्दल जास्त लिहिलं आहे.

मी उपदेश करत नाही, गात नाही. मग मी काय करणार?

खुर्च्या मांडायच्या आणि उचलायच्या. माईकच्या वायरी गुंडाळायच्या. किल्ली कोणाकडे आहे हे लक्षात ठेवायचं. आजाऱ्याकडे जायचं. गेल्या रविवारी पहिल्यांदा आलेल्या माणसाचं नाव या रविवारी आठवायचं. रविवारची उपासना दीड-दोन तासांची असते, पण तिच्या मागेपुढे उरलेल्या आठवड्यात जे घडतं त्यातूनच मंडळी उभी राहते.

नाव आठवणं मला सगळ्यात कठीण गेलं. मग मी एक छोटी वही केली. त्यात नाव, घरी कोण कोण असतं आणि त्या माणसाने कशासाठी प्रार्थना सांगितली, एवढंच लिहायचो. बुधवारी फोन करून विचारायचं, "आईंचं ऑपरेशन झालं का?" बस. पुढे मंडळीत स्थिरावलेल्या कितीतरी जणांनी नंतर सांगितलं की संदेश काय होता ते आठवत नाही, पण बुधवारचा फोन आठवतो.

बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय बरेच जण नावांची यादी म्हणून ओलांडून पुढे जातात. ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल तोपर्यंत रोमला गेलेलाही नव्हता, तरी तो वीसहून जास्त जणांना नावानिशी सलाम सांगतो. कोणी त्याच्यासाठी जीव धोक्यात घातला, कोणी श्रम केले, हे एकेकाबद्दल लिहितो. रूफाच्या आईबद्दल तर म्हणतो की ती माझीही आई झाली. तिने नेमकं काय केलं असेल? मला वाटतं, त्याला घरात घेतलं असेल, त्याची काळजी वाहिली असेल. उपदेश न करणाऱ्या माणसाने हा अध्याय सावकाश वाचावा.

हे देवाचं पाचारण (बोलावणं) आहे की माझाच उत्साह, हे कसं ओळखायचं?

एकट्याने ओळखू नका. अंत्युखिया शहरातली मंडळी उपास आणि प्रार्थना करत असताना पवित्र आत्म्याने बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) यांना वेगळं करायला सांगितलं, आणि मंडळीने हात ठेवून त्यांना पाठवलं. पाचारण दोघांना झालं, पण ते ऐकलं सगळ्यांनी मिळून. तुम्हाला चांगलं ओळखणाऱ्या दोन-तीन विश्वासी माणसांना स्पष्ट विचारा: मी हे पेलेन का? त्यांचं उत्तर आवडलं नाही तरी त्यावर काही आठवडे प्रार्थना करा.

दुसरी गोष्ट स्वतःलाच विचारायची. तुमच्या मनात त्या वस्तीतल्या माणसांचं ओझं आहे, की आहे त्या मंडळीतून बाहेर पडायची घाई आहे? रागावून निघालेला माणूस तोच राग सामानात बांधून नव्या जागी नेतो. आमच्या गटात यायला निघालेल्या एका भावाने हे ओळखलं. तो आधी जुन्या मंडळीतल्या वडिलांकडे (मंडळीचे ज्येष्ठ पुढारी) गेला, मनातलं सगळं बोलला, समेट केला, आणि मग वर्षभराने आमच्याकडे आला. आज त्याच्यावर मी डोळे मिटून काम सोपवतो.

जुनी मंडळी सोडताना काय पाळावं?

आशीर्वाद घेऊन निघा. मागे राहणाऱ्यांना "तुम्हीही चला" म्हणून कुजबुजत फिरू नका. कोणाला पाठवायचं ते पाठवणारी मंडळी ठरवेल. तुमच्याकडे तिथली जी जबाबदारी आहे ती कोणाच्या तरी हातात नीट देऊन निघा. संडे स्कूलचा वर्ग तसाच वाऱ्यावर सोडून नवीन मंडळी बांधायला जाणं हे मला कधी पटलं नाही.

जोडीदार तयार नसेल तर?

थांबा. यात मला काही मधलं उत्तर दिसत नाही.

आम्ही सात महिने थांबलो. मी तयार होतो, पत्नी नव्हती. सुरुवातीला मला वाटलं की तिच्या विश्वासात कुठेतरी कमी आहे, आणि मी तसं तिला बोललोही. ते बोलणं मला आजही बोचतं. तिला दिसत होतं ते मला दिसत नव्हतं: लहान मूल, माझ्या नोकरीतल्या पाळ्या, तिच्या आईचं आजारपण. सात महिन्यांत आम्ही रोज रात्री दहा मिनिटं एकत्र प्रार्थना केली, आणि त्यातली बरीचशी प्रार्थना माझं मन बदलण्यासाठी होती, हे मला उशिरा कळलं. ती तयार झाली तेव्हा तिने दोन अटी घातल्या. आठवड्यातली एक संध्याकाळ घराचं दार बंद राहील, आणि ती स्वतः कुठलं काम करेल ते तीच ठरवेल, मी परस्पर कोणाला शब्द देणार नाही. दोन्ही अटींनी आम्हाला वाचवलं.

जोडीदाराचा विश्वास वेगळा असेल किंवा नसेलच, तर तुमची भूमिका लहान ठेवा. दर रविवारी घराबाहेर राहून तुम्ही त्याला किंवा तिला ख्रिस्ताबद्दल जे सांगाल, त्यापेक्षा वेळेवर घरी येऊन जास्त सांगाल.

नोकरी सोडावी लागते का?

बहुतेकांना नाही, आणि सुरुवातीला तर मुळीच नाही. पौल करिंथात दीड वर्ष राहिला. तिथे तो अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू शिवण्याचं काम करत होता. तिघांचा धंदा एकच होता म्हणून तो त्यांच्याकडे उतरला, असं प्रेषितांच्या कृत्यांत लिहिलं आहे. त्याची करिंथातली सेवा त्या ओळखीपासून सुरू झाली.

नोकरीचा आणखी एक फायदा असा की तुमच्या आयुष्यात मंडळीबाहेरची माणसं राहतात. पहिल्या दोन वर्षांत माझ्या लक्षात आलं की माझी प्रत्येक संध्याकाळ विश्वासी लोकांत जाते, आणि ज्यांच्यासाठी आम्ही या वस्तीत आलो त्यांच्यातल्या एकालाही मी नीट ओळखत नाही. मग मी एक सभा कमी केली आणि ती संध्याकाळ खालच्या मजल्यावरच्या आजोबांबरोबर बुद्धिबळ खेळण्यात घालवू लागलो.

कामाच्या जागी मात्र एक पथ्य पाळा. ऑफिसच्या वेळेत मंडळीचे फोन घेऊ नका. ज्याचा पगार घेतो त्याचा वेळ चोरून देवाची सेवा होत नाही.

आठवडा साधारण कसा जातो?

आमचा असा जायचा: रविवारी सकाळी उपासना, मंगळवारी घरातली वचनसभा (पवित्र शास्त्र वाचून शिकण्याची), गुरुवारी पहाटे प्रार्थना, शनिवारी तयारी. अधूनमधून भेटी. कागदावर हे झेपेल असं दिसतं. प्रत्यक्षात शनिवारची तयारी रात्री अकरापर्यंत लांबते, भेट एका तासाची ठरते आणि तीन तास चालते, आणि कोणाच्या तरी घरी कोणी तरी रडत असताना घड्याळ बघता येत नाही. म्हणून आठवडा आखताना थोडी रिकामी जागा ठेवूनच आखा. सगळे कप्पे भरले की पहिल्याच अडचणीला झोप जाते, आणि झोपेनंतर प्रार्थना.

घरात सभा घ्यायची तर घर लहान आहे, पसाराही असतो. चालेल का?

पहिली कित्येक दशकं मंडळ्या घरांतच भरत होत्या. फिलिप्पैमध्ये सुरुवात झाली ती नदीकाठी प्रार्थनेला जमलेल्या स्त्रियांपासून, आणि मग जांभळ्या कापडाचा व्यापार करणाऱ्या लुदियेच्या घरातून. सीरियात फरात नदीकाठी दुरा-युरोपोस नावाचं प्राचीन शहर होतं. तिथल्या उत्खननात एक घर सापडलं. साधारण इ. स. २३२ नंतर ते मंडळीच्या वापरासाठी बदललेलं दिसतं. दोन खोल्यांमधली भिंत पाडून एक मोठी खोली केलेली, आणि एका बाजूच्या छोट्या खोलीत बाप्तिस्म्यासाठी हौद. भिंतींवर उत्तम मेंढपाळाचं आणि पक्षाघाती माणसाला बरं केल्याचं चित्र. साधारण इ. स. २५६ मध्ये शहर पडलं, पण आधी ढिगाऱ्याखाली दबलेल्या त्या भिंती टिकल्या. मला त्या पाडलेल्या भिंतीचं फार वाटतं. कोणीतरी आपल्या राहत्या घराची भिंत काढली होती.

पसाऱ्याची काळजी सोडा. नीटनेटक्या दिवाणखान्यात माणूस पाहुणा होऊन बसतो. कोपऱ्यात इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग असलेल्या घरात तो मोकळा बोलतो. शेजाऱ्यांची मात्र काळजी घ्या. सभा सुरू करण्याआधी त्यांना जाऊन सांगा की अमुक दिवशी अमुक वेळेत माणसं येतील, गाणी होतील, इतक्या वाजता संपेल. आणि तितक्याच वाजता संपवा. आम्ही पहिल्या काही महिन्यांत हे केलं नाही. शेजारच्या बाईंची तक्रार आली तेव्हा आमच्यातल्या काहींना तो विरोध वाटला. वास्तविक त्यांच्या घरी परीक्षेला बसलेलं मूल होतं. आम्ही जाऊन माफी मागितली.

मुलांचं काय?

मुलांनी हे पाचारण निवडलेलं नसतं. हे आईबापांनी रोज आठवावं.

आमची मोठी मुलगी आठ वर्षांची असताना एका शुक्रवारी दारात उभी राहून म्हणाली, "आज तरी आपण फक्त आपणच असणार का?" त्या दिवशीही कोणीतरी यायचं होतं. मी त्यांना फोन करून दुसरा दिवस मागितला. ते जरासे नाराज झाले. झाले तर झाले. तेव्हापासून शुक्रवारची संध्याकाळ आमच्या घरात मुलांची आहे. पत्नीने घातलेली अट मी कबूल केली होती आणि पहिल्या वर्षातच ती सैल सोडली होती. ती घट्ट केली मुलीने.

मुलांना नवीन मंडळीत एक मोठा लाभ होतो: त्यांना खरं काम मिळतं. गीतांची पुस्तकं वाटणं, दारात स्वागत करणं, अर्पणाची पिशवी फिरवणं. मोठ्या मंडळीत ज्यांना मागच्या बाकावर गप्प बसवलं जातं, त्यांची इथे गरज असते आणि ती त्यांना जाणवते. पण "आपण सेवक आहोत, तू असं वागून कसं चालेल" हे वाक्य त्यांच्यासमोर कधीही उच्चारू नका. पापाची क्षमा सगळ्यांना आहे आणि आमच्या मुलांना मात्र शिस्त, असा अर्थ ते घेतात.

लहान मुलांच्या वर्गासाठी काही नियम हवेत का?

हवेतच, आणि पहिल्या रविवारपासून. मुलांबरोबर नेहमी दोन मोठी माणसं, शक्यतो एकाच घरातली नाहीत. खोलीचं दार उघडं. कोणीही एकटा मोठा माणूस एका मुलाला घेऊन बंद खोलीत किंवा गाडीत जाणार नाही. नवीन आलेल्याला काही महिने मुलांचा वर्ग द्यायचा नाही, मग तो कितीही तळमळीने मागो. हे नियम पाळकालाही लागू. "आपल्यात असं कोण आहे?" असं म्हणत नियम टाळले जातात. लहान गटात सगळे एकमेकांवर विश्वास टाकतात, म्हणूनच तिथे धोका जास्त. मुलाने काही सांगितलं तर ते आत दाबायचं नाही. कायद्याप्रमाणे जिथे कळवायचं तिथे कळवायचं.

माझी स्वतःची प्रार्थना कोरडी पडली आहे. तरी सेवा चालू ठेवू का?

हा प्रश्न लोक सगळे गेल्यावर, खुर्च्या उचलताना, हळू आवाजात विचारतात. मीही असाच विचारला होता.

दुसऱ्या वर्षी एका शनिवारी रात्री वचनसभेची तयारी करताना माझ्या लक्षात आलं की जवळजवळ चार महिने मी पवित्र शास्त्र फक्त कोणाला तरी शिकवण्यासाठी उघडलं होतं. प्रत्येक वचन वाचताना मनात हेच, की हे मंगळवारी कसं सांगू. दिवसभर देवाबद्दल बोलत होतो आणि देवाशी बोलणं थांबलं होतं. बाहेरून काही दिसत नव्हतं. उलट त्या चार महिन्यांत लोक माझं कौतुक करत होते.

मी जुन्या मंडळीतल्या एका वयस्क वडिलांकडे गेलो. मला वाटलं ते सेवा सोडायला सांगतील, किंवा उपास करायला. त्यांनी विचारलं, "झोपतोस किती?" मग म्हणाले, शिकवणं दोन महिने दुसऱ्याला दे, खुर्च्या लावणं चालू ठेव. आणि रोज सकाळी एक स्तोत्र वाच, जे कोणालाही सांगायचं नाही. ते दर गुरुवारी पहाटेच्या प्रार्थनेनंतर माझ्याशेजारी येऊन बसायचे. फारसं बोलायचे नाहीत.

स्तोत्रं १५० आहेत आणि त्यांत तक्रारीची, विलापाची स्तोत्रं पुष्कळ आहेत. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी उजाडत नाही. ते मंडळीच्या प्रार्थनापुस्तकात ठेवलं गेलं, याचा मला तेव्हा फार आधार वाटला. कोरडा माणूसही देवापुढे उभा राहू शकतो, फक्त ओला असल्याचं नाटक त्याने करू नये. माझ्या बाबतीत दोन महिन्यांत काही चमत्कार झाला नाही. पण कधीतरी, बहुधा सातव्या आठवड्यात, स्तोत्र वाचून झाल्यावर मी पुस्तक मिटलं आणि तसाच बसून राहिलो, आणि उठावंसं वाटलं नाही.

म्हणून माझं उत्तर: हातांची सेवा चालू ठेवा, जिभेची थोडी थांबवा, आणि एका माणसाला खरं सांगा.

सतत थकवा असतो. हा विश्वासाचा कमकुवतपणा आहे का?

एलीया संदेष्टा झुडपाखाली जाऊन मरण मागू लागला तेव्हा देवदूताने त्याला आधी खायला दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला दिलं. त्याच्याशी बोलणं झालं ते चाळीस दिवसांनी, डोंगरावर. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करत बसायचा. त्याच्या सासऱ्याने, इथ्रोने, बघितलं आणि सरळ सांगितलं की हे तू करतोस ते बरं नाही, तूही झिजशील आणि लोकही. तेव्हा कामं वाटून द्या, आणि आठवड्यातला एक दिवस खरोखर सोडा. रविवार आपला कामाचा दिवस असतो, तो विश्रांतीत धरू नका.

थकवा झोपूनही जात नसेल, कशातच मन लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर डॉक्टरकडे जा. प्रार्थनाही करा, पण डॉक्टरकडे जा.

उपासनेला वाजवणारं कोणी नाही. मग गायचं कसं?

टाळ्यांवर गा. साधारण इ. स. ११२ मध्ये बिथुनियाचा रोमी सुभेदार प्लिनी याने सम्राट ट्राजानला एक पत्र लिहिलं. ख्रिस्ती लोकांची चौकशी केल्यावर त्याला काय कळलं? ठरलेल्या दिवशी ते पहाटेपूर्वी जमतात, ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने स्तोत्र गातात, चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही अशी शपथ घेतात, आणि नंतर पुन्हा एकत्र येऊन साधं जेवण करतात. साऊंड सिस्टीम नंतर घ्या.

बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) कोण देणार?

तुमच्या मंडळीच्या परंपरेप्रमाणे. याची उत्तरं वेगवेगळ्या संप्रदायांत वेगळी आहेत, म्हणून पहिल्या रविवारच्या आधी पाठवणाऱ्या मंडळीला विचारून घ्या. ऐनवेळी कोणी उत्साहाने पुढे झाला म्हणून करू नका.

वर्ष झालं, माणसं वाढत नाहीत. आमचं काय चुकतंय?

कदाचित काहीच नाही. इंग्लंडचा मिशनरी विल्यम केरी १७९३ साली बंगालमध्ये पोहोचला. त्याच्या कामातला पहिल्या बंगाली माणसाचा बाप्तिस्मा, कृष्ण पाल या सुताराचा, १८००च्या डिसेंबरात झाला. मधली सात वर्षं रिकामी नव्हती, तो भाषा शिकत होता, भाषांतर करत होता. मराठी नवा करारही त्याच्याच बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८११ साली बाहेर पडला. अमेरिकन मिशनरी अदोनिराम जडसन ब्रह्मदेशात १८१३ला गेला आणि पहिला बाप्तिस्मा त्याने १८१९ला दिला.

पण दर वेळी या उदाहरणांच्या आड लपू नये. सहा-आठ महिन्यांनी बसून विचारा: नवीन आलेल्या माणसाशी आपण बोलतो का, की आपापसातच हसतो? आपली भाषा बाहेरच्याला कळते का? "प्रभूने ओझं दिलं", "मध्यस्थीत उभे राहा" हे शब्द आपल्याला घरचे आहेत, पहिल्यांदा आलेल्याला ते कोडं वाटतं. आम्ही एकदा एका नव्या माणसालाच विचारलं. तो म्हणाला, "तुम्ही कधी उभे राहता, कधी बसता, तेच मला समजत नव्हतं." त्यानंतर आम्ही ते दर वेळी सांगू लागलो.

आणि दुसऱ्या मंडळ्यांतून सरकून आलेली माणसं मोजून आनंद मानू नका. कोणी आलं तर स्वागत करा, पण त्याच आठवड्यात विचारा की तुमच्या पाळकांना कळवलंत का? बरेच जण त्यावर परत जातात. जाऊ द्या.

गरजूंना मदत करताना विश्वासाबद्दल बोलावं का?

मदतीला अट जोडू नका. कधीच नाही. औषध, शाळेची फी, नोकरीची शिफारस, यांतलं काहीही उपासनेला येण्याच्या बदल्यात देऊ नका, आणि तसा समजही होऊ देऊ नका. दुसऱ्याच्या श्रद्धेबद्दल हलकं बोलू नका. कोणी आपणहून विचारलं की तुम्ही हे का करता, तर खरं उत्तर द्या. येशूने दहा कुष्ठरोग्यांना बरं केलं, आभार मानायला परत आला एकच. त्याने नऊ जणांचं बरं होणं परत घेतलं नाही.

पैशांचा व्यवहार कसा ठेवावा?

उघडा. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात पौल यरुशलेमच्या गरिबांसाठी जमवलेली रक्कम नेताना मुद्दाम इतर भावांना बरोबर घेतो, कोणाला बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून. देवापुढेच नव्हे, माणसांपुढेही जे योग्य ते करायचं, असं तो म्हणतो. पौलाला याची गरज वाटली, तर आपल्याला किती वाटायला हवी.

अर्पण उपासना संपताच दोन वेगवेगळ्या घरांतल्या माणसांनी मोजावं, वहीत लिहून दोघांनी सही करावी. पाळकाने पैशाला हात लावू नये, हे त्याच्याच रक्षणासाठी. खातं मंडळीच्या नावाने हवं, कोणाच्या खासगी खात्यात एक दिवसही ठेवू नये. नोंदणीचे आणि कराचे जे नियम असतील ते पहिल्या वर्षीच पूर्ण करा. आणि दर तीन महिन्यांनी सगळ्यांसमोर हिशेब वाचा, रक्कम कितीही लहान असो.

जमलेल्यातला काही भाग स्वतःबाहेर जाऊ द्या, अगदी सुरुवातीपासून. साधारण इ. स. १५५ मध्ये रोममध्ये जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने रविवारच्या उपासनेचं वर्णन लिहिलं. त्यात जमा झालेली रक्कम अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परके यांच्यासाठी वापरतात असं तो सांगतो. भाड्याचा उल्लेख नाही!

आमच्यात भांडण झालं आहे. देवाच्या कामात असं कसं होतं?

होतं. पौल आणि बर्णबा योहान मार्काला सोबत न्यायचं की नाही यावरून इतके भांडले की वेगळे झाले. ज्या बर्णबाने पौलाला प्रेषितांकडे नेलं होतं, त्याच्याशी. पण आयुष्याच्या शेवटी पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहितो की मार्काला घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे. मधे काय झालं ते शास्त्र सांगत नाही. कोणीतरी पहिलं पाऊल टाकलं असणार.

आमचं भांडण उपासनेच्या वेळेवरून सुरू झालं. नऊ की साडेदहा. हसू येईल असा विषय, पण त्याच्या खाली वेगळंच दुखणं होतं: काही जणांना वाटत होतं की त्यांना कोणी विचारत नाही. आम्ही ते व्हॉट्सॲप ग्रुपवर सोडवायला गेलो आणि एक कुटुंब कायमचं गमावलं. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात येशू सांगतो की भावाकडे एकट्याने जा. आम्ही चाळीस जणांसमोर गेलो होतो. त्या कुटुंबाकडे मी नंतर जाऊन आलो. त्यांनी दार उघडलं, बसवलं, पण परत आले नाहीत, आणि त्यांना तो हक्क आहे.

जर्मनीतल्या हर्नहूट या वस्तीतल्या मोरेव्हियन पंथाच्या विश्वासी लोकांमध्येही आधी फाटाफूट माजली होती. १७२७च्या उन्हाळ्यात त्यांचा समेट झाला, ऑगस्टमध्ये प्रभुभोजनाच्या वेळी सगळ्यांची मनं हेलावली, आणि त्याच महिन्यात २४ पुरुष आणि २४ स्त्रियांनी दिवसाचा एकेक तास वाटून घेऊन प्रार्थना सुरू केली. ती साखळी शंभर वर्षांहून जास्त चालली. क्रम पाहा: आधी समेट, मग प्रार्थनेची साखळी.

पाळकांचं काही पटत नसेल तर?

त्यांच्याशी बोला, त्यांच्याबद्दल नको. नवीन मंडळीचा पाळक बऱ्याचदा फार एकटा असतो. महिन्यातून एकदा त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना काहीही काम न काढता भेटा. पण गोष्ट पैशाची, खोटेपणाची किंवा कोणाच्या छळाची असेल, तर आदर म्हणून गप्प राहू नका. पाठवणाऱ्या मंडळीच्या वडिलांकडे जा. यासाठीच सुरुवातीपासून बाहेरच्या कोणालातरी उत्तरदायी असणं लिहून ठेवावं.

शेवटी मंडळी बंदच पडली तर?

पडतातही. आमच्याबरोबरच सुरू झालेली एक मंडळी चार वर्षांनी बंद झाली. तिथे बाप्तिस्मा घेतलेली एक बहीण आज आमच्याकडे मुलांचा वर्ग घेते. बंद करायची वेळ आली तर ती शेवटची उपासना ठेवून, उपकारस्तुती करून, प्रत्येक माणूस पुढे कुठे जाईल ते बघून, उरलेला पैसा आणि सामान सगळ्यांच्या संमतीने दुसरीकडे देऊन करा. एका रविवारी कुलूप दिसावं आणि कोणी काहीच सांगू नये, असं होऊ देऊ नका.

पहिल्या गटातल्या माणसाने कधी बाजूला व्हावं?

लोकांना तसं वाटू लागण्याआधी. मी गेल्या वर्षी किल्ली दिली. ज्याला दिली त्या तरुणाबरोबर सहा रविवार मी लवकर गेलो, सातव्या रविवारपासून तो एकटा जातो. त्याला एक कागद लिहून दिला: कुठलं बटण आधी लावायचं, पंखा कुठला अडकतो, कुठल्या आजींना भिंतीकडेची खुर्ची लागते, शेजारच्या बाईंना कुठल्या महिन्यात आधी जाऊन विचारायचं. नावांची वहीही दिली. त्याने ती घेतली आणि पहिल्या पानावर माझंच नाव लिहिलं, आणि विचारलं, "तुमच्यासाठी कशाची प्रार्थना करू?"